चाकांवरील चिलखती लढाऊ वाहने रणगाड्याला पर्याय ठरू शकतात का?

सह्यकडा (प्रश्न)

इटलीचे चेंतौरो, फ्रान्सचे एएमएक्स-१० आरसी आणि जपानचे टाइप १६ या सहा किंवा आठ चाकी वाहनांवर १०५ मि.मी. व्यासाची तोफ असते. अनेक जुन्या रणगाड्यांवरही याच व्यासाची तोफ होती. वजन मात्र आजच्या जड रणगाड्याच्या निम्म्याहून कमी, आणि रस्त्यावरील वेग ताशी शंभर कि.मी.च्या आसपास. असे असताना मोठी सैन्ये पट्ट्यांवर चालणारे, पन्नास-साठ टनांचे रणगाडे अजून का बाळगतात? आणि भारतात अशी वाहने फारशी का दिसत नाहीत? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

दक्षिणवाट

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवात मिळते, कारण त्या सैन्याने चाकांवरील वाहनांचा जितका सलग आणि कसून वापर केला तितका फार थोड्यांनी केला असेल.

नामिबिया आणि दक्षिण अंगोला, जेथे हे सैन्य लढले, हा विरळ वस्तीचा, प्रचंड अंतरांचा आणि तुरळक रस्त्यांचा प्रदेश आहे. तेथे पट्ट्यांची वाहने शेकडो किलोमीटर स्वतःच्या बळावर चालवणे म्हणजे लढाईआधीच ती झिजवणे. म्हणून त्यांनी प्रथम फ्रेंच पानार एएमएल ही चारचाकी गाडी ‘एलंड’ या नावाने स्वतः बनवली आणि १९७० च्या दशकात ‘रॅटल’ हे सहाचाकी वाहन सैन्यात आणले. पायदळाची तुकडी, तिचा दारूगोळा आणि तिची तोफ एकाच वेगाने पुढे जाऊ शकली, हे रॅटलचे खरे यश होय. त्याच्या एका प्रकारावर ९० मि.मी.ची तोफ होती.

३ ऑक्टोबर १९८७ रोजी लोंबा नदीकाठी याच रॅटल-९० वाहनांनी अंगोलाच्या ४७व्या ब्रिगेडच्या टी-५४/५५ रणगाड्यांना तोंड दिले आणि ती ब्रिगेड मोडून काढली. हा विजय कसा मिळाला हे मात्र नीट पाहावे लागते. रॅटलच्या तोफेला चालत्या वाहनातून नेम धरणारी स्थिरीकरण यंत्रणा नव्हती, बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) हाताने चाक फिरवून वळवावा लागे आणि चिलखत रणगाड्याचा एकही गोळा सोसण्यासारखे नव्हते. त्यामुळे दाट झुडपांतून जवळ जायचे, थांबायचे, गोळा डागायचा आणि समोरचा बुरूज वळण्याआधी जागा सोडायची, हाच मार्ग उरत होता. तो पार पडला तो चालक आणि तोफचींच्या कसलेल्या तालमीमुळे. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेने आपले ‘ओलिफंट’ रणगाडे अंगोलात उतरवले, आणि नोव्हेंबरपासून ते लढाईत दिसू लागले. जिंकल्यानंतरही त्यांना रणगाडे आणावेसे वाटले, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

आराखडा

वरील प्रतिसादाला थोडी यांत्रिक पुरवणी जोडतो. पट्टा वाहनाचे वजन जमिनीवर पसरवतो, तर चाकाचे सारे वजन टायर टेकलेल्या छोट्या जागेवर येते. म्हणून पाणी सोडलेल्या शेतात किंवा पावसाने फुगलेल्या काळ्या मातीत तीस टनांचे चाकी वाहन रुतते आणि त्याहून जड रणगाडा निघून जातो. यावर उपाय म्हणून चालकाला बसल्या जागेवरून टायरमधील हवा कमी-जास्त करता येते. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूत पकड मिळते. डांबरी रस्त्यावर आले की ती पुन्हा भरता येते. टायरला गोळी लागली तरी आतील भक्कम आधारावर वाहन काही अंतर जाऊ शकते, आणि सुरुंगाने आठांपैकी एखादे चाक उडाले तरी ते बहुधा रांगत माघारी येते. पट्टा तुटलेला रणगाडा मात्र जागीच अडकतो. रस्त्यावर चाकांना इंधन कमी लागते आणि देखभालही कमी. मर्यादा येते ती वजनाची: जाड चिलखत चढवावे तसा ॲक्सल आणि टायरवरील भार वाढत जातो आणि चाकांचा मूळ लाभच आटतो.

उत्तरायण

अलीकडच्या दोन घटनांवरून हेच दिसते. ११ जानेवारी २०१३ रोजी फ्रान्सने मालीमध्ये हस्तक्षेप केला आणि महिना संपण्याआधी गाओ व टिंबक्टू ही शहरे परत मिळवली. हलक्या चाकी वाहनांच्या तुकड्या लांबवर दौडू शकल्या नसत्या, तर हा वेग अशक्य होता. उलट, २०२३ मध्ये युक्रेनला मिळालेली एएमएक्स-१० आरसी वाहने सुरुंग आणि तोफखान्याने भरलेल्या आघाडीवर हल्ल्यासाठी वापरली गेली, तेव्हा जवळ फुटलेल्या गोळ्यांचे तुकडेदेखील त्यांच्या पातळ चिलखताला जड जाऊ लागले. टेहळणीसाठी आणि दुरून मारा करण्यासाठी घडवलेल्या वाहनाकडून शत्रूची बचावफळी फोडण्याची अपेक्षा करणे, हा त्यातील सैनिकांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेच्या स्ट्रायकरची गोष्टही बोलकी आहे. १९९९ मध्ये जनरल एरिक शिन्सेकी यांनी ९६ तासांत जगात कोठेही पोहोचणाऱ्या ब्रिगेडची कल्पना मांडली आणि त्यातून हे आठचाकी वाहन आले. अफगाणिस्तानात त्याचा सपाट तळ पेरलेल्या स्फोटकांपुढे दुबळा ठरला, म्हणून २०११ पासून दुहेरी ‘व्ही’ आकाराच्या तळाचे स्ट्रायकर तेथे पाठवण्यात आले. १०५ मि.मी. तोफेचा त्याचा प्रकार मात्र सेवेतून काढून टाकण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला.

भिंगारकर

भारताबद्दल लिहितो. आपले यांत्रिक पायदळ प्रामुख्याने बीएमपी-२ या पट्ट्यांवर चालणाऱ्या सैनिकवाहू चिलखती वाहनावर उभे आहे, आणि पंजाबातील कालवे, बंधारे व ओली शेते पाहता ती निवड समजण्यासारखी आहे. तरीही चाकांवर काम झालेले नाही असे नाही. आमच्या अहिल्यानगरमधील डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, टाटांच्या साथीने ‘व्हॅप’ हे पाण्यातही चालणारे आठचाकी वाहन विकसित केले. ते २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोमध्ये ‘केस्ट्रेल’ या नावाने लोकांसमोर आले. त्याच घराण्यातील पायदळाची संरक्षित वाहने एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात लष्कराकडे सुपूर्द झाली. लडाखसारख्या ठिकाणी, जेथे रस्ता हाच जीव आहे आणि तुकडी एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात लवकर हलवावी लागते, तेथे अशा वाहनांची गरज मला अत्यंत खरी वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मोरोक्कोतील बर्रशीद येथे याच ‘व्हॅप’ वाहनाच्या उत्पादनाचा कारखाना सुरू झाला. सहारालगतच्या त्या देशाची अंतरे आणि कोरडी जमीन पाहिली, तर दक्षिणवाट यांनी वर्णिलेली रॅटलची गरज आणि मोरोक्कोची गरज यांत मला फारसा फरक दिसत नाही.