मदत हवी आहे : महापालिकेच्या एका प्रभागातील चार जागांचे उमेदवार मतदाराने पारखावेत कसे? (कोल्हापूर)

नमस्कार.

कोल्हापूर महानगरपालिकेसाठी येत्या 15 जानेवारी 2026 ला मतदान आहे. 3 तारखेला चिन्हवाटप होऊन अंतिम यादी लागली. कोण रिंगणात आहे हे पक्के कळल्यापासून बटण दाबेपर्यंत मतदाराच्या हाती जेमतेम 12 दिवस उरतात. तेवढ्या अवधीत आमच्या प्रभागातील सर्व उमेदवारांची, पक्ष किंवा गट न पाहता, एका कागदावर मावेल अशी तुलना तयार करून ती आमच्या अपार्टमेंटमधील आणि गल्लीतील मतदारांना द्यावी, असे आम्ही काही शेजाऱ्यांनी ठरवले आहे. माहिती कोठून घ्यावी, त्यातील कोणती ग्राह्य धरावी आणि हे करताना आचारसंहितेच्या कचाट्यात सापडू नये म्हणून काय सांभाळावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

या वेळी हे काम अवघड का झाले आहे, ते आधी सांगते. यापूर्वीची निवडणूक 1 नोव्हेंबर 2015 रोजी झाली, तेव्हा 81 प्रभाग होते आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडला जात असे. प्रभाग चारदोन गल्ल्यांचा असल्यामुळे उमेदवार कोणाचा कोण, त्याचा धंदा काय, महापुराच्या वेळी तो कोठे होता, हे तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असे. आता जागा तेवढ्याच 81 असल्या तरी प्रभाग 20 आहेत. त्यांतील 19 चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा आहे. आमच्या नव्या प्रभागात जुन्या अनेक प्रभागांचे तुकडे आले आहेत आणि एका टोकाचा उमेदवार दुसऱ्या टोकाच्या मतदाराने पाहिलेलाही नाही. अ, ब, क आणि ड अशा चारही जागांसाठी स्वतंत्र मत द्यायचे असल्याने आमच्या इमारतीतील बहुतेकांनी एका उमेदवारापुरते मन बनवले आहे आणि उरलेली तीन मते 'त्याच्याच पॅनेलला' टाकण्याची त्यांची तयारी आहे. ही गोष्ट मला पटत नाही, परंतु दुसरे काय करावे असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही.

घरोघरी जी पत्रके येत आहेत त्यांतून काहीच हाती लागत नाही. माझ्यासमोर आत्ता जे पडले आहे त्यावर वरच्या पट्टीत नेत्यांची छायाचित्रे, मध्ये हात जोडलेले चार उमेदवार, खाली चिन्हे आणि 'कार्यसम्राट', 'उच्चविद्याविभूषित', 'सर्वसामान्यांच्या हाकेला ओ देणारे' अशी विशेषणे आहेत. शिक्षण कोठपर्यंत झाले, उपजीविका कशावर चालते, याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरील उमेदवाराच्या नावाखाली पतीच्या कार्याचा परिच्छेद आहे आणि संपर्कासाठी मोबाइल क्रमांकही पतीचाच आहे. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असलेल्या सभागृहात हे अजून चालावे, याचे आश्चर्य वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

मी आतापर्यंत जे केले ते असे. निवडणूक आयोगाचे उमेदवारांची माहिती देणारे अ‍ॅप मोबाइलवर घेतले, परंतु त्यात आमच्या प्रभागाचा मागमूस नाही. त्यानंतर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील सूचना फलकावर लावलेली शपथपत्रे पाहिली. बहुतेक हाताने भरलेली आहेत, झेरॉक्स फिकट आहेत आणि कागद एकावर एक टाचलेले असल्यामुळे खालचा वाचण्यासाठी वरचा धरून ठेवावा लागतो. एका शपथपत्रात मालमत्तेच्या रकान्यांत ओळीने 'निरंक' लिहिलेले आहे, तर दुसऱ्यात गुन्ह्यांच्या रकान्यात इतकी कलमे आहेत की सामान्य माणूस धसका घेईल. या दोन्हींचा अर्थ कसा लावायचा?

आणखी एक पेच असा की, मागील सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि तेव्हापासून महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती आहे. त्यामुळे 'मीच रस्ता केला' असे सांगणाऱ्या माजी नगरसेवकाचे म्हणणे कशावर ताडून पाहावे?

प्रतिसाद : शाळामास्तर

ताई, शिक्षक असल्यामुळे निवडणुकीच्या कामावर माझे अनेकदा जाणे झाले आहे, म्हणून माहीत आहे तेवढे लिहितो.

आपण पाहिलेले अ‍ॅप भारत निवडणूक आयोगाचे आहे आणि ते लोकसभा व विधानसभेपुरतेच उपयोगी पडते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचे काम राज्यघटनेच्या अनुच्छेद 243ट आणि 243यक नुसार राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. मतदार यादी विधानसभेचीच वापरली जात असल्यामुळे दोन्ही आयोग एकच आहेत असा पुष्कळांचा समज होतो. आपल्याला हवी ती कागदपत्रे राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडेच शोधावी लागतील. फलकावरचे वाचता येत नसेल तर शपथपत्राच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्यावा. तोंडी मागणीला 'नंतर या' हेच उत्तर मिळते. 2017 च्या महापालिका निवडणुकांत आयोगाने उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर फलकावर लावला होता. कल्पना उत्तम होती, पण रांगेत उभे राहून चार जागांचा गोषवारा वाचणारा मतदार मला तरी क्वचितच दिसला. तो घरी आधी पोहोचला पाहिजे, म्हणून आपण करत आहात ते काम योग्यच आहे.

आता गुन्ह्यांच्या रकान्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालामुळे उमेदवाराची फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क ठरला, आणि हे रकाने त्यातूनच आले आहेत. मात्र कलमांची संख्या मोजून माणूस जोखू नका. कोल्हापुरात टोलविरोधी आंदोलनात कितीतरी कार्यकर्त्यांवर गुन्हे दाखल झाले. जमावबंदीचा भंग, रास्ता रोको आणि शासकीय कामात अडथळा या प्रकारची कलमे एका आंदोलनातून एकावर एक लागतात. फसवणूक, खंडणी, महिलांवरील अत्याचार किंवा सार्वजनिक पैशाचा अपहार यांतले एकच कलम असले तरी त्याचे वजन अधिक आहे. आपल्या तक्त्यात 'गुन्हे : 7' असे लिहिण्यापेक्षा गुन्ह्याचे स्वरूप आणि प्रकरण सध्या कोणत्या टप्प्यावर आहे हे लिहावे. खटला न्यायालयात असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. तेथे एकाच नावाचे दोघे निघतात. पत्ता आणि वडिलांचे नाव जुळल्याखेरीज काहीही टिपून घेऊ नका.

'निरंक' पाहून लगेच संशय घेण्याचे कारण नाही. शपथपत्रात पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींच्या मालमत्तेचे रकानेही असतात, ते आडवे वाचावेत. उमेदवाराच्या नावावर काही नाही आणि जोडीदाराच्या नावावर फ्लॅट, गाळा आणि शेती आहे, असे चित्र पुष्कळदा दिसते. ते बेकायदेशीर नाही. वाचणाऱ्याला ते दिसले म्हणजे झाले. 2015 मध्ये लढलेला उमेदवार असेल आणि त्याचे तेव्हाचे शपथपत्र मिळाले, तर दोन्ही शेजारी ठेवण्यासारखी दुसरी कसोटी नाही.

प्रतिसाद : कसबा बावडेकर

माजी नगरसेवकांच्या कामाबद्दल विचारले आहे, त्याविषयी लिहितो. आधी त्यांचे श्रेय-अपश्रेय 2015 ते 2020 या काळापुरते मर्यादित ठेवा. त्यानंतर झालेल्या रस्त्याचा किंवा गटारीचा निर्णय सभागृहाने घेतलेलाच नाही. पाठपुरावा केला असेल. तो केला असल्यास महापालिकेची पोच असलेले पत्र दाखवा, असे निःसंकोच म्हणावे. त्या पाच वर्षांतील सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते नगरसचिव कार्यालयात असतात आणि कोणी कोणता ठराव मांडला हे त्यांतून समजते. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी कायद्याने 30 दिवस दिलेले असल्यामुळे या निवडणुकीसाठी त्याचा उपयोग नाही, म्हणून प्रती न मागता केवळ पाहण्याची परवानगी मागून बघा. तेही न जमल्यास करवीर नगर वाचन मंदिरात त्या काळातील स्थानिक वृत्तपत्रांचे अंक चाळायला मिळतात का, याची चौकशी करा. सभेतील वादावादीच्या बातम्या कोल्हापूरच्या वृत्तपत्रांनी नेहमीच तपशिलाने दिल्या आहेत. निवडणुकीच्या तोंडावर छापून येणारे पानभर गुणगान मात्र बाजूला ठेवा.

राखीव जागेवरील उमेदवारांबाबत जात वैधता प्रमाणपत्र मिळाले आहे की केवळ अर्जाची पोच जोडली आहे, हेही पाहावे. विहित मुदतीत प्रमाणपत्र सादर करणे बंधनकारक असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला, तेव्हा आपल्याच महापालिकेतील नगरसेवकांची पदे टांगणीला लागली होती. निवडून दिलेल्या माणसाचे पद मध्येच गेले तर प्रभाग वाऱ्यावर पडतो.

माझे स्वतःचे मत असे की, शपथपत्रावरून माणूस नको का, एवढेच कळते. हवा का, हे कळत नाही. त्यासाठी सर्व उमेदवारांना एकच प्रश्नपत्रिका लेखी द्या. काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन आली तरी आपल्या भागात पाणी अमुक दिवशी का येत नाही, पूररेषेतील बांधकामांबाबत सभागृहात काय भूमिका घेणार, लाइन बझारच्या झूम प्रकल्पावरील कचऱ्याच्या डोंगराचे काय करणार, आणि हद्दवाढ हवी की नको. शेवटच्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर देणारे पुष्कळ निघतील, कारण महापालिका 1972 मध्ये झाली तेव्हापासून हद्द तसूभरही वाढलेली नाही आणि ग्रामीण भागातील गटांना कोणी दुखावू इच्छित नाही.

प्रतिसाद : काळा कोट

आचारसंहितेच्या प्रश्नापुरते लिहिते.

सर्व उमेदवारांची माहिती सारख्या नमुन्यात देणे हा प्रचार नव्हे. तो प्रचार ठरू नये यासाठी उमेदवारांचा क्रम अंतिम यादीतलाच ठेवा, प्रत्येक नोंदीपुढे ती शपथपत्राच्या कोणत्या परिच्छेदातून घेतली ते लिहा, आणि विशेषण एकही नको. 'संपत्ती भरमसाट वाढली' हे मत झाले. दोन आकडे शेजारी लिहिणे ही माहिती झाली. उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याविषयी खोटे विधान प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूरही त्यात येतो, म्हणून ऐकीव गोष्ट कितीही खरी वाटली तरी तक्त्यात घेऊ नका.

कागद छापून वाटणार असाल तर त्यावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असला पाहिजे. खर्च आपसांत वर्गणी काढून करा आणि त्याचा हिशेब ठेवा. कोणत्याही उमेदवाराकडून झेरॉक्सचे पैसेसुद्धा घेऊ नयेत. आपल्या महापालिकेसाठी उमेदवाराची खर्चमर्यादा 9 लाख रुपये आहे आणि उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हाही गुन्हा असल्यामुळे, तुमचा कागद एकाच बाजूला झुकलेला दिसला तर प्रतिस्पर्धी तक्रार करणारच. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास वाटप अजिबात करू नये.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. गुन्ह्यांची संख्या न देता स्वरूप द्यायचे, ही सूचना आम्ही तत्काळ स्वीकारली आहे; पहिल्या मसुद्यात केवळ आकडे होते. पॅनेलच्या बाबतीतही तक्त्याची मांडणी बदलली आहे. आता पक्षवार रकाने न करता अ, ब, क, ड असे चार स्वतंत्र भाग केले आहेत, म्हणजे एका जागेवरील उमेदवारांची तुलना त्याच जागेवरील इतरांशी होईल. एखाद्या जागेवर कोणीच पसंत पडले नाही तर 'वरीलपैकी एकही नाही' हा पर्याय त्या जागेपुरता वापरता येतो, ही ओळही तळाशी घेतली आहे, कारण आमच्याकडील वडीलधाऱ्यांना तो पर्याय चारही जागांसाठी एकदमच दाबावा लागतो असे वाटत होते.

प्रश्नपत्रिका आज सर्वांकडे पोहोचवत आहोत. एक शंका मात्र राहिली आहे. काही उमेदवार उत्तर देणार नाहीत हे उघड आहे. त्यांच्या नावापुढे 'उत्तर देण्यास नकार' असे लिहावे, की जागा कोरी सोडावी?

काळा कोट

दोन्ही नको. नकार त्यांनी स्पष्ट शब्दांत दिलेला नसेल तर तो तुमच्या पदरचा ठरतो, आणि कोरी जागा पाहून तुम्हीच विचारायला विसरलात असे वाटेल. प्रश्न दिल्याची तारीख, ते कोणाच्या हाती दिले ते आणि 'अमुक तारखेपर्यंत उत्तर मिळाले नाही' एवढे लिहा. देताना दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. प्रचार कार्यालयात बसलेल्या कार्यकर्त्याची सही असली तरी चालते.