कसब्याचा कल बदलला होता का लोक घरी बसले होते?

पेठेतला_भाडेकरू:
सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कालपासून भांडण पेटलंय. एक काका म्हणतात पुण्याच्या कसबा मतदारसंघात 2023 च्या विधानसभा पोटनिवडणुकीत पेठांनी भाजपला धडा शिकवला, आमदार मुक्ता टिळक गेल्यावर त्यांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून. दुसरे म्हणतात कसला धडा, 26 फेब्रुवारीला रविवार होता, आपली माणसं डबे भरून फार्महाऊसवर गेली. मी मूळचा लातूरकडचा, इथे भाड्याने राहतो, त्यामुळे आतलं काही माहीत नाही. जाणकारांनी सांगा ना. आणि एवढी शिकलेली वस्ती असून मतदान पन्नास टक्क्यांवर अडतं कसं? आमच्याकडे म्हाताऱ्यांना खाटेवरून उचलून नेतात.

आकडेमोड:
दोन्ही काका अर्धे बरोबर. सरळ मतं मोजा, टक्के नको. 2019 ला भाजपच्या मुक्ताताई टिळक 75 हजार, काँग्रेस 47 हजार, पण सेनेचा बंडखोर आणि मनसे यांनी मिळून वीसेक हजार खाल्ले होते. म्हणजे विरोधातली मतं तेव्हाच सत्तरच्या आसपास होती, फक्त विखुरलेली. 2023 ला सगळी काँग्रेसच्या धंगेकरांच्या मागे, 73 हजार, आणि भाजपचे रासने 62 वर अडकले. जवळपास 11 हजारांनी सीट गेली. आता गंमत बघा, नोव्हेंबर 2024 ला धंगेकर हरले तरी त्यांना 70 हजार आहेतच, रासने मात्र थेट 90 वर. एक बाजू जागची हलली नाही आणि दुसरी कधी घरी बसते कधी बाहेर पडते, मग याला कल बदलला म्हणायचं का?
बाकी रविवारचं कारण मला पटत नाही, 2019 ला सोमवार होता तरी मतदान साधारण तेवढंच. पुढे 2024 ला निवडणूक आयोगाने शहरातले लोक जोडून सुट्टी घेतात म्हणून मुद्दाम बुधवार धरला, पण कसब्यातला वाढीव आकडा बुधवारमुळे नाही, ह्यावेळी मतदार स्लिपा घरोघरी पोचल्या, दुपारी तीननंतर फोनवर फोन. मला स्वतःला चार आले, शेवटचा तर मी शाईचं बोट दाखवतच उचलला.

रविवारपेठ_जुना:
ओ भाऊ कसबा म्हणजे नुसती सदाशिव नारायण नाही, ही पहिली चूक. इकडे नाना पेठ गंज पेठ पण आहे, ती कुणी बघतच नाही. धंगेकर मनसेत होते तेव्हा 2009 ला भाजपच्या गिरीश बापटांसारख्या माणसाची आघाडी 8 हजारांच्या आसपास आणून ठेवली होती. त्यामुळे भाजपच्या चंद्रकांत पाटलांचं ते ‘हू इज धंगेकर’ ऐकलं तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळे हसले, ज्याला रात्री दोनला फोन केला तरी स्कूटरवर येतो त्याला विचारता तू कोण? इकडे पक्ष नंतर, माणूस आधी. आता ते शिंदेसेनेत गेले तर इथले निम्मे लोक कोड्यात पडलेत ती गोष्ट वेगळी.
आणि तिकिटाची नाराजी होती, पण नाराज माणूस पंजा दाबत नाही, तो चहा पिऊन परत झोपतो. नाराजांसाठी म्हणून हिंदू महासंघाचे दवे उभे होते, त्यांना हजार मतं पण नाही पडली.

वाडा_पडला:
टक्केवारीचं अजून एक आहे ते कुणी बोलत नाही. आमचा वाडा 2016 ला पाडला. सतरा बिऱ्हाडं होती, आता त्यातली पाच परत आली, बाकी कुणी धायरीला कुणी कोथरूडला कुणी मुलाकडे. यादीत मात्र सगळे अजून तिथेच! माझे आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी स्लिप येते, आजी ती देवघरात ठेवते. नाव काढायला सात नंबरचा फॉर्म भरा, मृत्यूचा दाखला जोडा, दोनदा भरला, यादी आली की आजोबा हजर. आता अशी मयत आणि गेलेली माणसं धरून टक्के काढले तर पन्नासच येणार, खरे राहणारे त्याहून जास्त मतं देतात असं माझं मत. उलट आईचं नाव भलत्याच शाळेत गेलं होतं, गुडघेदुखी घेऊन दोन शाळा फिरली, तिसऱ्यांदा म्हणाली मी घरी चालले.

राईनकाठचा_पुणेकर:
मी पण त्या सतरातलाच समजा, सहा वर्षं जर्मनीत, नाव नारायण पेठेतच. परदेशातून मत द्यायची सोय नाही, 6ए फॉर्म भरून नोंदणी करता येते पण बटण दाबायला पासपोर्ट घेऊन बूथवरच उभं राहायचं. एका मतासाठी विमान कोण करणार. तर तुमच्या टक्क्यातला एक खड्डा माझा आहे, सॉरी.

पेठेतला_भाडेकरू:
आकडेमोड, तुमची मतं ग्रुपवर टाकली तर दोन्ही काका म्हणाले बघ मी तेच सांगत होतो :)
बाकी मी पण अजून लातूरच्याच यादीत आहे. इथे नाव आणायला आठ नंबरचा फॉर्म ना? भाडेकरारावर चालतं का, का मालकाचं लाईट बिल मागतात? मालक बिल द्यायला तयार नाही.

आकडेमोड:
हो आठच. नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, नुसता स्टॅम्पपेपरवरचा नको.