काजळी समुद्रात गेल्यावर तिचे काय होते?

कोथरूडकर: दिवाळीनंतर गच्चीवरच्या टाकीचे झाकण पुसले, तेव्हा फडक्यावर काळा थर उतरला. तो पाण्याच्या पेल्यात झटकला, तर काजळी बुडाली नाही, वरच पसरली. डिझेल, चुली आणि पेटवलेले पाचट यांतून निघणारा हा ब्लॅक कार्बन शेवटी समुद्रात जातो, असे वाचले आहे. आपल्या नदीतून तो कोकण किनाऱ्याला पोहोचल्यावर खाऱ्या पाण्यात तरंगतो, विरघळतो, की तळाशी बसतो?

गाळकरी: तिन्ही गोष्टी घडतात, कारण ब्लॅक कार्बन हा एकच पदार्थ नव्हे, अर्धवट जळलेल्या कोळशापासून धुरात तयार होणाऱ्या अतिसूक्ष्म काजळीपर्यंत सगळ्यांना मिळून ते नाव आहे. ताजी काजळी पाणी झिडकारते, पण हवेत काही काळ राहिल्यावर तिच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि ती भिजू लागते. गोड्या पाण्यात असे कण ऋणभारामुळे एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. खाडीत शिरताच क्षारांमुळे ते अपकर्षण दुबळे पडते, कण चिकणमातीसह एकत्र गोळा होतात आणि खाली बसतात. मुठेच्या गढूळ पाण्याचे 200 मिलिलिटरचे दोन पेले भरून एकात 7 ग्रॅम मीठ ढवळा, म्हणजे समुद्राइतका खारटपणा येईल. तो पेला आधी निवळेल.

कोथरूडकर: म्हणजे सगळा मामला खाडीच्या गाळातच संपतो का?

गाळकरी: नाही. जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कोळशाचे ऑक्सिडीकरण होऊन त्याचे काही रेणू विरघळतात, आणि ते मोठ्या प्रमाणावर खाडी ओलांडून जातात. 2013 मधील एका जागतिक अभ्यासानुसार नद्यांतील विरघळलेल्या सेंद्रिय कर्बापैकी सुमारे दहावा हिस्सा असाच जळितातून आलेला असतो. वर्षाला अंदाजे 2 कोटी 65 लाख टन. त्याची बळकट कड्यांची रचना मोडते ती मुख्यतः सूर्यप्रकाशाने. मात्र किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात अतिनील किरण फार खोल शिरत नाहीत, त्यामुळे हे काम पुढच्या नितळ पाण्यात अधिक होते. गंमत म्हणजे 2019 मध्ये कर्बाच्या समस्थानिकांची (म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंची) तुलना केली, तेव्हा महासागरातील विरघळलेला ब्लॅक कार्बन नद्यांतल्यापेक्षा वेगळ्या धाटणीचा निघाला. तेव्हा नद्या एवढा माल ओतत असूनही समुद्रातला साठा केवळ त्यांचा म्हणता येत नाही.

घाटमाथा: मूळ प्रश्नात एक दुरुस्ती. मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते; शिवाय वाटेत उजनीचे धरण बराच गाळ अडवते. पुण्याची काजळी कोकणाकडे जाते ती नदीने नव्हे, वाऱ्याने, आणि तीही हिवाळ्यात, ईशान्येकडून वारे वाहतात तेव्हा. हवेतील कणांचा अभ्यास करणाऱ्या 1999 च्या ‘इंडोएक्स’ मोहिमेत उपखंडाकडून आलेले धुरकट आवरण हिंदी महासागरावर दूरवर पसरलेले आढळले होते. आपल्या झाकणावरची काजळी दिवाळीनंतरची आहे. धुतलेले पाणी पूर्वेला गेले, तरी जी झाकणावर बसलीच नाही ती बहुधा पश्चिमेला निघून गेली.