पोलीस भरतीत जास्त हुशार असणं आडवं येतं का?

रंकाळा_राउंड:
मंडळी एक प्रश्न आहे, चेष्टा करू नका. शिवाजी विद्यापीठातनं स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी झालंय आणि सध्या शिपाई भरतीची तयारी करायलोय, सकाळी ग्राऊंड, दुपारी लेखी. घरात मामांचं रोजचं चालू, "एवढं डोकं असून तू बंदोबस्ताला उभारणार व्हय?" त्यात क्लासमधल्या एकानं रील दाखवली की अमेरिकेत आयक्यू जास्त असला की पोलिसात घेतच नाहीत, कोर्टानंच तसा नियम केलाय म्हणे. आपल्याकडं असलं काही नाही हे माहीत आहे मला, पण बुद्धिमत्ता चाचणीचा भाग मी हसत सोडवतो, तर पुढं नोकरीत हेच डोकं कामाला येतं का त्रास देतं? खात्यातल्या लोकांनी सांगा. अकॅडमीवाल्यांनी जाहिराती टाकू नका प्लीज.

कायदा_कट्टा:
रील अर्धवट आहे. केस खरी आहे पण ती एका गावची, अख्ख्या अमेरिकेची नव्हे. कनेक्टिकट राज्यातलं न्यू लंडन. १९९६ साली तिथल्या भरतीत एका उमेदवारानं वंडरलिक नावाची टेस्ट दिली, ५० प्रश्न आणि १२ मिनिटं, त्याला पडले ३३, आणि मुलाखतीला बोलावलं फक्त २० ते २७ वाल्यांना. कारण काय तर जास्त हुशार माणूस ह्या कामाला कंटाळतो आणि ट्रेनिंगचा खर्च करून घेऊन सोडून जातो. गडी कोर्टात गेला, हरला, २००० साली अपिलातही हरला. पण कोर्टानं "हुशार माणूस पोलीस नको" असं कुठंही म्हटलेलं नाही. जास्त मार्कवाले खरंच जास्त कंटाळतात असं नाही, असा थोडा पुरावा त्यानं दिलेला, त्यावर कोर्टाचं म्हणणं असं की धोरण बरोबर आहे का चूक हे आम्ही बघत नाही, ते शहाणपणाचं नसेलही, पण त्यामागं काहीतरी तर्क आहे आणि सगळ्यांना एकच नियम लावलाय म्हणजे भेदभाव नाही. झालं. मला स्वतःला हा निकाल पटत नाही, पण रीलवाल्यानं सांगितलं ते साफ वेगळं.

आपल्याकडं ५० मार्कांचं मैदान, त्यातनं एका जागेला दहा जण लेखीला, मग १०० मार्कांचा पेपर ९० मिनिटांत, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. खाली कटऑफ आहे, वर कसलाही नाही. १०० पैकी १०० पाड की, कोण अडवतंय.

तालमीतला_भाऊ:
विषयच वेगळा हाय भावा. इंजिनिअर, एमबीए झालेली पोरं शिपायाच्या भरतीला येत्यात ती काय हौस म्हणून? दुसरं काय मिळंना म्हणून. बुद्धी आडवी येत न्हाई, वय येतंय. ओपनला २८ संपलं की खेळ खल्लास, मग बस स्टॅटिस्टिक्स काढत.

खाकी_रिटायर्ड:
बाळा, मी शिपाई म्हणून लागलो आणि एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, होऊन बाहेर पडलो, त्यामुळं दोन्ही नमुने बघितलेत. डोकं लागतंच, पण पेपरात ज्याला मार्क मिळतात ते पटकन उत्तर काढणं, आणि खात्यात पटकन उत्तर सापडलं की घात होतो. हुशार पोरगा घरफोडीच्या जागेवर जातो, पाच मिनिटांत त्याच्या डोक्यात सगळी स्टोरी तयार, कोण आला कुठनं आला, आणि मग तो पंचनामा जे दिसलं त्याचा न लिहिता त्या स्टोरीचा लिहितो. काही वर्षांनी कोर्टात वकील एकच प्रश्न विचारतो, कडी आतनं होती का बाहेरनं, की केस पडली. त्यापेक्षा आमचा एक बीटवरचा हवालदार होता, शिक्षण बेताचं, पण गल्लीत नवीन कोण राहायला आलंय आणि कुणाचा पोरगा अचानक नवी गाडी फिरवायलाय हे त्याला तोंडपाठ. त्याला कुठल्या टेस्टमध्ये बसवणार?

तरी आता शिकलेली पोरं पायजेतच. १ जुलै २०२४ पासनं नवे कायदे आले, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, सात वर्षं आणि त्यावरच्या शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले जागेवर आणायचे, दोषारोपपत्राची ६० नाहीतर ९० दिवसांची मुदत डोक्यावर आहेच. हे सगळं कागदावर नीट उतरवणारा माणूस प्रत्येक साहेबाला हवा असतो. पण एक सावध करतो, ज्याला लिहिता येतं त्याला रायटर, म्हणजे ठाण्याचं लिखाणकाम करणारा, करून ठेवतात आणि मग त्याची खुर्ची सुटत नाही.

साधी_मपोशि:
काकांच्या शेवटच्या ओळीला हजार लाईक 😄 मी बीएस्सी आहे, नोकरीत आहे. कंटाळा येतो हे खरं आहे, खोटं का बोला. जोतिबाची चैत्र यात्रा म्हणा नाहीतर विसर्जनाला महाद्वार रोड, रात्रभर एका जागी उभं राहायचं, आणि डोकं चालत असलं की जास्तच त्रास, कारण बॅरिकेड चुकीच्या तोंडाला लावलंय आणि थोड्या वेळानं इथं गर्दी तुंबणार हे तुला आधीच दिसत असतं. आता हे साहेबांना सरळ सांगितलंस तर "तू मला शिकवणार काय". म्हणून मी सांगते, "साहेब मागच्या वर्षी तुम्ही तिकडं लावायला सांगितलेलं ते बरं पडलेलं." बॅरिकेड हलतं. ही अक्कल कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

पण स्टॅटिस्टिक्स वाया जाणार नाही दादा. सायबरला, एलसीबीला (स्थानिक गुन्हे शाखा) मोबाईलचे सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी येतात, हजारो ओळी, त्यातनं कुठला नंबर किती वाजता कुठल्या टॉवरला होता हे काढायचं असतं, आणि ते भराभर जमणारी माणसं थोडी असतात. शिवाय आत राहून पीएसआयची परीक्षा देता येते, फक्त ड्युटी सांभाळून अभ्यास म्हणजे काय असतं ते आत आल्यावर कळेल.

रंकाळा_राउंड:
थँक्यू सगळ्यांना. काका, ताई, मग लागलोच तर मला एक्सेल चांगलं येतं हे पहिल्या दिवशी सांगू का लपवून ठेवू?

साधी_मपोशि:
लपव!! निदान बंदोबस्त काय असतो ते बघून होईपर्यंत तरी.

खाकी_रिटायर्ड:
लपत नाही ते. ठाण्यातला प्रिंटर बंद पडला आणि तू नुसता वाकून बघितलास तरी सापडलास.