पहाटेची जाग, सकाळची घाई आणि पाळी : तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात भिशीत विषय निघाला. अकराजणींपैकी सातजणींना रात्री तीनच्या आसपास जाग येते आणि प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त आपलंच. म्हणून हा धागा. झोप, सकाळ, पाळी, थायरॉईड, जे असेल ते लिहा. 'पहाटे उठा, सगळं ठीक होईल' एवढाच सल्ला असेल तर राहू द्या, तो घरी मिळतो.

माझ्यापासून सुरुवात. वय ४७, कोथरूड. दीड वर्षापासून पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी अडीच महिन्यांनी. रात्री तीनला मानेतून आग वर चढते, गाऊनचा गळा ओला होतो, मी उठून पंखा पाचवर करते. पाच-सात मिनिटांत तेच अंग गार पडतं आणि पांघरूण शोधावं लागतं. नवरा डिसेंबरात स्वेटर घालून झोपला. बिचारा एका शब्दाने बोलला नाही.

त्यातच जानेवारीत हनुमान टेकडीचा संकल्प सोडला. पावणेपाचचा गजर. पाठ टेकायला मात्र साडेअकरा, कारण ओटा, उद्याची भाजी निवडणं, मुलाचा प्रोजेक्ट. अकराव्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं आणि त्यावरून मी रडले. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती म्हणायचं. त्याआधीची काही वर्षं ही अशी. इस्ट्रोजेन वरखाली होतं, मेंदूतला तापमानाचा काटा हळवा होतो आणि अंगाची ऊब जराशी वाढली तरी शरीर घाम काढायला लागतं. गजर आता सव्वासहाचा, टेकडी संध्याकाळी. हार्मोनच्या गोळ्यांचं अजून ठरत नाहीये. आईला स्तनाचा कर्करोग होता, त्यामुळे डॉक्टर जपून आहेत.

उपाशीपोटी
माझं थायरॉईड. सहा महिने गोळी घेऊनही टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ९ च्या खाली येईना. डोस वाढवायचं घाटत होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशाबरोबर घेता? म्हटलं, चहाबरोबर. पहिला घोट, गोळी, दुसरा घोट. त्यांनी कपाळाला हात लावला. आता उशाशी तांब्या आणि गोळी. पावणेसहाला चितळ्यांची पिशवी दारात पडल्याचा आवाज आला की गोळी घ्यायची आणि परत आडवं व्हायचं. चहा पावणेसातला. तो एक तास घरात कोणी मला हाक मारत नाही, 'आईची गोळी आहे' म्हणून. अख्ख्या दिवसात माझा असा तेवढाच तास.

खराडी नाईट शिफ्ट
माझी सकाळ दुपारी १ वाजता होते. वय २९. वर्षात चार वेळा पाळी, हनुवटीवर केस. सोनोग्राफी न करताच पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी लांबवणारा आजार) सांगितलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. पण तीनपैकी दोन खुणा लागतात: पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं, अंडाशयाचं ते ठरावीक चित्र. पहिल्या दोन माझ्याकडे होत्याच. उलट नुसत्या सोनोग्राफीत तसं दिसलं म्हणून पीसीओएस ठरत नाही.

मावशीचा सल्ला, लवकर उठत जा. मावशी, मी चारला घरी येते!

खरा धक्का वेगळाच. मी घोरते म्हणून भाऊ चेष्टा करायचा. सात तास झोपूनही डोकं जड. झोपेची तपासणी केली तर श्वास मध्येच अडकत होता. पीसीओएसमध्ये हे जास्त आढळतं म्हणे, पण इतक्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. मशीन लावून झोपते. डोकेदुखी गेली. पाळी अजून सरळ नाही.

पाय वळवळ
थोडक्यात लिहिते. अंथरुणावर पडलं की पायांत मुंग्या, हलवल्याशिवाय चैन नाही. सगळे म्हणाले, मॅग्नेशियम घे. पाळीत भरपूर जातं म्हणून डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करायला सांगितलं. ते ७ आलं, फारच कमी. हिमोग्लोबिन बरं होतं, म्हणून आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. लोहाच्या गोळ्या, वर लिंबूपाणी. तीन महिन्यांनी पाय शांत.

सदाशिव पेठ, वय ७१
सुनेने टंकून दिलं आहे. मुलींनो, आम्ही पाचला उठायचो ह्याचं कौतुक खूप होतं. साडेनऊला दिवे मालवून पडायचो, हे कोणी सांगत नाही. शिवाय पुण्याच्या १ ते ४ ची थट्टा चालते. पाणी भरून, धुणं उरकून, पंगती उठवून ज्या बाईची पाठ दुपारी टेकायची तिला विचारा. चाळिशीनंतर मलाही असा घाम यायचा. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, सब्जा घे. दोन वर्षं सब्जा घेतला. घाम काही थांबला नाही, सब्जा मात्र आवडायला लागला.

धागाकर्ती
@उपाशीपोटी, वरची 'पाय वळवळ'ची पोस्ट वाचून लोहाची गोळी सुरू करणार असाल तर थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. माझ्या बहिणीने दोन्ही एकदम घेतल्या होत्या.

आजी, रविवारी १ ते ४ करून पाहिलं. सव्वादोनला सिलिंडरवाला आला.