मे ते जुलै जर्मनी, एकटीनं दोन पोरं घेऊन जायचंय, कुणी गेलंय का?

बावड्याची_सून
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहेत, कंपनी त्यांना अडीच महिन्यांसाठी श्टुटगार्टला पाठवतीय, फ्लॅट कंपनीचा, साहेब म्हणालेत फॅमिली आणायची तर आणा पण तिकीट-व्हिसा तुमचं तुम्ही बघा. ते मेच्या सुरुवातीला जाणार, मी पोरांना घेऊन पंधरा दिवसांनी. मोठा 5 वर्षांचा (सीनियर केजी, त्यामुळं शाळेचं टेन्शन नाही), धाकटी पावणेदोन, जुलैत दोन पूर्ण होतील. मी आजवर गोव्याच्या पुढं गेलेली नाही. सासूबाई म्हणतात एवढ्या लांब लेकरं नेऊ नको, तिथं आजारी पडली तर कोण बघणार, आणि नेणारच असशील तर हे दोन किलो तूप घेऊन जा. मिस्टरांचा प्लॅन असा की दर शनिवार-रविवारी फिरायचं, पॅरिस, स्विस, ॲमस्टरडॅम सगळं उरकायचं. व्हिसा, विमान, खाणं, डॉक्टर, जे सुचेल ते सांगा प्लीज.

नेकारकाठ
ताई, मी मूळची राजारामपुरीची, श्टुटगार्टच्या बाजूलाच काही वर्षं राहिलीय, माझी दोन्ही पोरं तिथंच रांगली. पहिलं काम, मिस्टर जायच्या आत त्यांच्याकडून पोरांसाठी संमतीपत्र नोटरी करून घ्या. आई एकटी मुलांना नेत असली की वडिलांची संमती लागते, व्हिसाच्या अर्जावर पण दोघांच्या सह्या लागतात आणि नवरा तिकडं गेल्यावर हेच कागद करायचे म्हणजे नुसता ताप. सोबत त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स, महापालिकेचे जन्मदाखले इंग्रजी नाव असलेले, आणि तुमचा विवाह दाखला. पोरांचे पासपोर्ट स्वतंत्रच लागतात, काढले नसतील तर आजच अर्ज टाका, लहान मुलांचा पासपोर्ट 5 वर्षांचाच मिळतो.

व्हिसा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा), अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून घेतात, मेच्या आसपास सगळी सुट्टीवाली जनता रांगेत असते म्हणून अपॉइंटमेंट मिळेल ती पकडा. मोठ्यांची फी 90 युरो, 6 वर्षांखालच्यांना माफ, म्हणजे तुमच्या दोघांनाही माफ, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या सेंटरवाल्यांचा सर्व्हिस चार्ज काय तो वेगळा. 12 वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत. इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोच्या कव्हरचा लागतो, तिघांचाही. आणि नियम असा की कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, तुमचे अडीच महिने त्यात बसतात, पण मिस्टर आधी ट्रेनिंगला वगैरे जाऊन आले असतील तर ते दिवस पण मोजा बरं का.

तूप मात्र नाही हो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-मटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तूप, खवा, चीज सगळं त्यात आलं. सासूबाईंना वाईट वाटेल पण विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात जाण्यापेक्षा बरं. तिकडं सुपरमार्केटमध्ये बुटरश्माल्झ म्हणून डबा मिळतो तो आपल्या तुपासारखाच. बाळाची दूध पावडर सीलबंद असेल तर माणशी 2 किलोपर्यंत चालते.

शिरोली_नाका
वहिनी, लई भारी चान्स हाय, सोडू नका. मी कामानिमित्त दोनदा जाऊन आलोय, एकदा बायको-पोरगं पण आलं होतं. विमानाचं ऐका: 2 वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, त्याचं भाडं थोडंसंच असतं, पण धाकटीचे दोन जुलैत पूर्ण होत असतील तर परतीच्या दिवशी ती दोनाच्या पुढं असणार, म्हणजे परतीला तिला स्वतःची सीट आणि लहान मुलाचं पूर्ण तिकीट. बुकिंग करतानाच एजंटाला जन्मतारीख नीट सांगा नायतर परत येताना काउंटरवर घोळ होतोय. पाळणा मागू नका, पोरगी आता त्यात मावणार नाही. मुंबई-फ्रँकफर्ट डायरेक्ट घ्या, नऊ तासांच्या आसपास लागतात, तिथनं विमानतळाखालनंच श्टुटगार्टची ट्रेन, साधारण सव्वा तास. मिस्टरांना तिथंच न्यायला बोलवा.

आणि कोल्हापूरवरनं थेट विमानाच्या वेळेला गाडी काढू नका, कात्रज-वाकड पट्ट्यात अडकला की बोंब. आदल्या रात्री महालक्ष्मीनं जावा, सकाळी मुंबई, दिवसभर कुणा नातलगाकडं पोरांना लोळू द्या.

फ्रँकफर्टला उतरल्यावर आता नवीन सिस्टीम आहे, फोटो घेतात, मोठ्यांचे ठसे पण, रांग लांब असतीय. पोरांसाठी भडंग हातात ठेवा. चटणी, मेतकूट, नाचणीचं पीठ काय पण न्या, कांदा-लसूण चटणीला हरकत नाही, फक्त दुबईवरनं जात असाल तर खसखस घातलेला मसाला नको, दुबईत खसखशीला बंदी हाय आणि कडक हाय.

चंद्रकोर८७
बाकी सगळ्यांनी उत्साहाचं लिहिलंय म्हणून मी थोडं उलटं लिहिते, राग मानू नका. मी अशीच गेले होते, दुसऱ्या गावी, नवऱ्याच्या प्रोजेक्टवर. नवरा सकाळी जातो तो संध्याकाळी येतो आणि तुम्ही दिवसभर दोन पोरं घेऊन एका फ्लॅटमध्ये, ना भाषा येते ना शेजारीण कळशी घेऊन दारात येते. त्यात दर वीकेंडला पॅरिस-स्विस म्हणजे सोमवारी सगळी आजारी. पोरांना आयफेल टॉवरचं काडीचं कौतुक नसतं, त्यांना घसरगुंडी पाहिजे. मी मिस्टरांना सरळ सांगेन की दोन मोठ्या ट्रिपा बस, बाकी तिथं राहायचं. राहायला गेलेलं कुटुंब म्हणून जा, टूरला गेलेलं म्हणून नको.

आणि जूनमध्ये तिकडं साडेनऊला सूर्य मावळतो. पोरगी उजेडात झोपत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. घराला बाहेरून पडदे असतात, रोलाडन म्हणतात, ते साडेसातलाच खाली ओढा आणि रात्र झाली म्हणून जाहीर करा.

नेकारकाठ
चंद्रकोरताई शंभर टक्के. बावड्याच्या ताई, जिथं राहाल तिथं चालत दोन-तीन खेळाची मैदानं सापडतात, वाळू, झोके, सगळं फुकट. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तिथंच जा, चार दिवसांत तिथल्या आया ओळखीच्या होतात, हसून तरी बोलतात. विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयाचा वार्षिक पास निघतो का ते बघा, आठवड्यातून एकदा गेलात तरी पैसे वसूल, आणि किलेसबर्ग पार्कात उन्हाळ्यात छोटी आगगाडी चालते, तुमचा मोठा खाली उतरणार नाही. 6 वर्षांखाली लोकल-ट्राम फुकट. टॅक्सीत किंवा कारमध्ये बसवायचं असेल तर चाइल्ड सीट कायद्यानं लागते.

रविवारी दुकानं बंद, दूध-डायपर शनिवारीच. फोडणी घालताना खिडकी उघडा, घराघरात धुराचे अलार्म असतात. कुकर न्यायचा असेल तर फ्लॅटमध्ये शेगडी कुठली ते आधी विचारा, इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा चालणार नाही.

बावड्याची_सून
बापरे, एवढं सगळं, मनापासून आभार. तुपाचं सासूबाईंना तुम्हीच सांगा 😅 आता फक्त आजारपणाचं. इथं आमचे डॉक्टर फोन केला की औषध सांगतात, तिथं काय?

नेकारकाठ
तिथं अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि ताप आला म्हणून लगेच लिहूनही देत नाहीत, दोन दिवस बघा म्हणतात, आपल्याला घाबरायला होतं पण बहुतेक वेळा पोर तोवर बरं होतं. रात्री-सुट्टीला डॉक्टर पाहिजे असेल तर 116117, खरंच इमर्जन्सी असेल तर 112, हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा. बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग इन्शुरन्सकडं मागायचं, म्हणून कागद टाकू नका. इथून निघताना तुमच्या डॉक्टरांकडून पॅरासिटामॉल, ओआरएस, नेहमीचं काय असेल ते चिठ्ठीसकट घ्या.

लसीकरणाची फाइल पण काढून बघा, 16 ते 24 महिन्यांतले बूस्टर धाकटीचे राहिलेत का, आणि 5-6 वर्षांचा डीपीटीचा मोठ्याचा. दोघांचेही जायच्या आधी उरकता येतील, लस घेतल्यावर ताप येतो म्हणून शेवटच्या आठवड्यात ठेवू नका.

शिरोली_नाका
वहिनी ते तुपाचं एक करा, सासूबाईंनाच घेऊन जावा. दिवसभर सोबत पण होईल आणि तिथल्या डब्यातलं तूप कसं लागतंय ते त्याच सांगतील.

बावड्याची_सून
अहो मी विचारलं होतं, म्हणाल्या म्हशी कोण बघणार. पासपोर्टच्या अर्जाला आज बसते, संमतीपत्राचं मिस्टरांच्या कानावर घातलंय.