एवढं रक्त येतं, मग पांढऱ्या पेशी आत का नाहीत?

डिचोलीची बाय
आईच्या उजव्या टाचेखाली दोनेक वर्षं काळा डाग होता. कुळागरात अनवाणी फिरणारी बाई, काटा मोडला म्हणून रुईचा चीक लावत राहिली. मग एका ठिकाणी कुरूप समजून तो खरवडला. रक्त थांबेना, दोन टॉवेल भिजले. शेवटी बायोप्सी झाली. रिपोर्टात आहे: अ‍ॅक्रल मेलेनोमा (तळव्या-तळहातावर होणारा त्वचेचा कर्करोग), ब्रेस्लो (गाठीची जाडी) 3.2 मिमी, अल्सरेशन आहे, टीआयएल नॉन-ब्रिस्क.

जाडीचं नि जखमेचं डॉक्टरांनी नीट सांगितलं. टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्या आईच्या गाठीत तुरळकच आहेत, एवढं कळलं. पुढे विचारायला धीर झाला नाही, बाहेर रांग होती. पण डोक्यातून जात नाही. दोन टॉवेल भिजवण्याइतकं रक्त त्या गाठीत खेळतंय. पांढऱ्या पेशी रक्तातच असतात ना? मग त्या दाराशीच का राहिल्या?

काचपट्टी
ताई, फोंड्याहून लिहितोय. एकतीस वर्षं लॅबमध्ये स्लाइड रंगवल्या. रिपोर्टवर सही करायचे डॉक्टर, पण काच आधी माझ्या डोळ्यांखालून जायची. लिम्फोसाइट म्हणजे मोहरी सांडल्यासारखे बारीक गर्द निळे ठिपके, मेलेनिन म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, ते भाजलेल्या कांद्यासारखं तपकिरी. मोहरी गाठभर पसरलेली किंवा तिच्या बुडाशी सलग ओळीत असेल तर ब्रिस्क. इथे चार, तिथे सहा असे पुंजके असतील तर नॉन-ब्रिस्क. काहीच नसेल तर अ‍ॅबसेंट. म्हणजे आईच्या गाठीत काही पोचल्यात हो.

आता तुमचा प्रश्न. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीने गेला असाल. मांडवीला पाणी आहे म्हणून बोट कुठेही लागत नाही. वेग कमी करायचा, धक्क्याला लागायचं, फळी टाकायची, तेव्हा माणसं उतरतात. पांढऱ्या पेशीचं तसंच. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं असतात. त्यांना अडखळत पेशी भिंतीवरून गडगडत मंदावते. मग आयकॅम आणि व्हीकॅम ही दुसरी प्रथिनं तिला घट्ट धरतात, आणि ती अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर सरकते. साधा फोड आला तरी काही तासांत त्या जागी हे धक्के उभे राहतात.

गाठीत मात्र उलटं होतं. ती व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडून घाईघाईत नवीन रक्तवाहिन्या वाढवते. त्या वेड्यावाकड्या, पातळ, गळक्या असतात. म्हणून खरवडल्यावर तसं रक्त आलं. आणि तेच द्रव्य अस्तरावरचे आयकॅम-व्हीकॅम दाबून टाकतं. नदी दुथडी भरलेली, धक्का नाही.

गळकी आहे तर पेशी गळून आत का पडत नाहीत, हेही विचाराल. बांधाला भगदाड पडलं की खाजनात पाणी शिरतं, होडी शिरत नाही. गळतं ते पाणी आणि प्रथिनं. त्याने गाठीच्या आत दाब वाढतो, बारीक वाहिन्या चेपतात, प्राणवायू घटतो, आणि गाठ आणखी व्हीईजीएफ सोडते. भोवराच तो.

वाळपयकर_७
बीट आणि डाळिंबाचा रस रोज द्या. रक्त वाढेल, पेशी वाढतील.

काचपट्टी
बाबा रे, रक्त कमी असल्याची तक्रारच नाही इथे. डाळिंब देऊ दे, गोड लागतं.

पेडण्याची पोर
काका, फेरीबोट मी माझ्या सेमिनारसाठी चोरणार. पुण्यात याच विषयावर पीएचडी करतेय, चौथं वर्ष, गाईड विचारतात कधी संपणार.

1971 साली जुडा फोकमन या सर्जननी मांडलं की गाठ रक्तवाहिन्यांवर जगते, त्या तोडा म्हणजे ती उपाशी मरेल. औषधं आली, पण सगळ्या वाहिन्या बंद केल्या तर औषधही आत जात नाही आणि पेशीही नाहीत. 2001 मध्ये आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी राकेश जैन यांनी वेगळी बाजू धरली: तोडू नका, दुरुस्त करा. व्हीईजीएफला बेतानं आवर घातला तर उरलेल्या वाहिन्या काही काळ सरळ होतात, त्यांना बाहेरून आधारपेशी मिळतात, गळती कमी होते. मला हाच विचार पटतो. मात्र डोस आणि वेळ साधणं कठीण.

काही मेलेनोमांत तर लसीकाग्रंथीत असतात तशा फुगीर अस्तराच्या शिरा आपोआप तयार झालेल्या सापडतात. तिथे टी-पेशींची, म्हणजे गाठीशी लढणाऱ्या लिम्फोसाइटची, गर्दी असते. तयार धक्काच म्हणा. उलट काही कर्करोगांत अस्तरावर फास लिगँड नावाचं प्रथिन असतं, ते उतरू पाहणाऱ्या टी-पेशीलाच मारतं.

पण काका, सगळा दोष धक्क्यावर नको. तळव्याला ऊन लागत नाही, म्हणून अ‍ॅक्रल मेलेनोमात उन्हानं होणारे जनुकीय बदल कमी असतात. गाठ शरीराला फारशी परकी वाटत नाही, तेव्हा बोलावणंच कमी जातं. इपिलिमुमॅब (2011) आणि पेम्ब्रोलिझुमॅब (2014) ही औषधं टी-पेशींचा ब्रेक काढतात, पण पेशी जागेवर असली तर त्याचा उपयोग. ताई, टीआयएलच्या एका ओळीवर रात्र जागू नका. पुढचे उपचार ठरवताना जाडी, अल्सरेशन आणि जांघेतल्या लसीकाग्रंथीची तपासणी यांनाच जास्त वजन असतं. तेच विचारा.

डिचोलीची बाय
बुधवारी ऑपरेशन आहे, जांघेतली लसीकाग्रंथीही त्याच वेळी काढून तपासणार आहेत. आईला काकांची फेरीबोट सांगितली. तिचं माहेर चोडणचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धक्का नव्हता तेव्हा ओहोटीला आम्ही लुगडं वर खोचून चिखलातूनच जायचो की."